नाक्सोस बेटावर एकटी, काही न ठरवता: पहिल्या दिवसासाठी काय पक्कं करून जाऊ?

पूसकाठ (पुसद)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकटी ग्रीसला जाऊन राहिली आहे. अथेन्सच्या पहिल्या दोन रात्री आणि परतीच्या विमानाआधीची एक रात्र बुक आहे. मधल्या चार रात्री नाक्सोस बेटावर. व्हिसाच्या फाईलला लावलेली तिथली खोली मालकानंच रद्द केली, आणि आता पुन्हा सगळं बांधून घ्यायची इच्छा नाही. बोटीतून उतरायचं, जरा फिरून पाहायचं, मन लागेल तिथं राहायचं, असं डोक्यात आहे.

पण एकटी आहे, शुद्ध शाकाहारी आहे, आणि पोहणं शिकले ते विहिरीत. म्हणून निदान पहिल्या दिवसापुरतं विचारते: कोणती गोष्ट आधी पक्की करावी आणि कोणती मोकळी सोडली तरी चालते? बँकेचं, आरटीओचं काही काम असेल तर तेही सांगा, एकदा निघालं की मागे फिरणं नाही. पाठीवरची एकच बॅग आहे, आठ-नऊ किलोची.

सातपुडा_पायथा (परतवाडा)

ताई, जायची बोट, यायची बोट आणि दुपारी उतरणं, एवढं पक्कं करा. बाकी दिवस मोकळा सोडला तरी काही बिघडत नाही.

पिरेयस बंदरातून नाक्सोसला मोठी साधी बोट सव्वापाच ते साडेपाच तास घेते, वेगवान बोट साडेतीन ते चार. तुम्ही सकाळी साडेसातच्या आसपास सुटणारी मोठी बोट घ्या. ती एकच्या आगेमागे लागते. तोवर आदल्या दिवशीचे पाहुणे खोल्या सोडून गेलेले असतात, बसचं ऑफिस उघडं असते, आणि एक खोली नाही आवडली तर दुसरी पाहायला सहा तासांचा उजेड हातात असतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची बोट मात्र रात्री अकराच्या आसपास टेकते. त्या वेळी एकट्या बाईनं बॅग घेऊन खोली शोधायची म्हणजे मिळेल ती, सांगतील त्या भावात. काही ठरवायचं नसेल तर सकाळीच निघायला पाहिजे.

वेगवान बोट का नको, तेही सांगतो. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्तेमी वारा वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सगळ्यात जास्त, पण सप्टेंबरमध्येही तो दोन-चार दिवस धरून बसू शकतो. आभाळ निळं, ऊन लख्ख, आणि तरी बोटी बंद, असं होते. वारा बोफोर्ट मापात मोजतात. हलक्या वेगवान बोटी आधी थांबवतात, 8-9 पर्यंत गेला की मोठ्याही बंदरात उभ्या राहतात. दुसरं म्हणजे वेगवान बोटीत बंद काचेआड खुर्चीवर बसून राहावं लागते. मोठ्या बोटीला उघडा डेक असतो आणि ती हलतेही कमी. मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून इथूनच न्या आणि बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त हेलकावे.

डेकचं तिकीट सगळ्यात स्वस्त, साधारण 40 ते 50 युरो. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. मोनास्तिराकी स्टेशनवरून हिरव्या मेट्रोनं पिरेयस वीस-पंचवीस मिनिटं, साधं तिकीट 1.20 युरो, 90 मिनिटं चालते. या गाडीत खिसेकापू असतात, बॅग पोटाशी घ्या. पिरेयसला गेटना ई आणि आकडा असे नंबर आहेत. नाक्सोसच्या मोठ्या बोटी बहुतेक ई-6, ई-7 वरून सुटतात, ते स्टेशनच्या समोरच आहेत. पण काही गेट बरेच लांब आहेत, तेव्हा तिकिटावरचा नंबर आदल्या रात्री पुन्हा पाहून घ्या आणि पाऊण तास आधी पोचा.

आता जिथं नवा माणूस चुकतो ते. बोटीत मागच्या रॅम्पवरून, ट्रक-गाड्यांच्या बाजूनंच चढतात. आत शिरल्याबरोबर सामानाचे रॅक असतात, त्यावर बेटांची नावं लिहिलेली. बॅग नाक्सोसच्याच रॅकवर ठेवा. पासपोर्ट, पैसे, औषधं अंगावर. वाटेत आधी पारोस येते, नाक्सोस त्यानंतर तासाभरानं. दोन्ही बंदरं पांढरी, दोन्हीकडं गर्दी, आणि घोषणा आधी ग्रीकमध्ये. फोनवर नकाशा उघडून निळा ठिपका कुठं आहे ते पाहा, मगच उतरा. बोट बंदरात काही मिनिटंच थांबते, म्हणून नाक्सोसची घोषणा झाली की लगेच खाली गॅरेजमध्ये जाऊन बॅगेपाशी उभ्या राहा.

बोरकाठ (सेलू, जि. वर्धा)

बोटीचं वर सांगितलं ते सगळं बरोबर. खोलीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. चारही रात्री मोकळ्या सोडू नका. पहिली रात्र रद्द करता येईल अशी बुक करा, पुढच्या तीन तिथं जाऊन ठरवा. अथेन्स विमानतळावर पासपोर्टवाला अधिकारी राहण्याचा पुरावा, परतीचं तिकीट, विमा आणि पैसे विचारू शकतो. चार रात्रींचा खड्डा दिसण्यापेक्षा बेटावरचा एक पत्ता कागदावर असलेला बरा. विमा 30,000 युरोचा, व्हिसाला लागतो तोच. त्याचा प्रिंट बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोली मिळते, त्याची धास्ती नको. धास्ती असते ती 15 ऑगस्टच्या आगेमागे. तो मेरीचा सण, अख्खा ग्रीस बेटांवर उतरलेला असतो. तेव्हा न ठरवता जाणं मी कोणालाच सांगणार नाही.

बंदरावर खोल्यांचे मालक पाट्या धरून उभे असतात. त्यात गैर काही नाही, जुनी रीत आहे. पण खोली पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. आधी नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. 'पाच मिनिटं' म्हणजे गाडीची की पायाची, ते विचारा. मग नोंदणी नंबर आहे का ते पाहा, परवान्याच्या खोलीला तो असतो. खोलीत गेल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून पाहा. बऱ्याच ठिकाणी छपरावरच्या सौर टाकीचं पाणी असते आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की ते संपते. दाराला आतून कडी हवी, खिडकी लागली पाहिजे. एसीचे पैसे वेगळे का, तेही तिथंच विचारा. भाव साधा असेल तर या दिवसांत रात्रीचे साधारण 45 ते 70 युरो. त्यावर सरकारी कर दर खोली, दर रात्र वेगळा द्यावा लागतो. साध्या खोलीला तो थोडा असतो, चार-पाच ताऱ्यांच्या हॉटेलला बराच. पासपोर्ट नोंदवून घेतला की लगेच परत मागा, मुक्कामभर मालकाकडं ठेवायचा नसतो.

जागा कोणती म्हणाल तर आगिओस गेओर्गिओस. बंदरापासून पायी पंधरा-वीस मिनिटं, उथळ वाळूचा किनारा, आजूबाजूला दुकानं, रात्रीही वर्दळ. बंदराच्या उत्तरेला ग्रोत्ता भाग आहे, तिथून समुद्र छान दिसतो पण वारा थेट अंगावर. किल्ल्याच्या, म्हणजे कास्त्रोच्या, गल्ल्यांमधल्या खोल्या सुंदर असतात, फक्त पायऱ्याच पायऱ्या. तुमची बॅग पाठीवरची आहे म्हणून जमेल.

संडासात कागद टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा. तिथल्या नळ्या बारीक असतात, तुंबतात. आणि खोली नाही मिळाली तर किनाऱ्यावर झोपू नका. ग्रीसमध्ये उघड्यावर तंबू ठोकायला, मुक्काम करायला बंदी आहे. प्लाका किनाऱ्याकडं परवान्याची कॅम्पिंगची जागा आहे, बस जाते.

पूसकाठ (पुसद)

खूप आभार. पहिली रात्र बुक करते, आगिओस गेओर्गिओसलाच पाहते. आता खाण्याचं सांगा. घरी शिदोरीची तयारी सुरू आहे: तूप, पेढे, संत्र्याची बर्फी, जवसाची चटणी, चिवडा. यातलं काय नेता येते? आणि तिथं जेवायला काय मागू?

झाडीपट्टीकर (गोंदिया)

तूप, पेढे आणि बर्फी घरीच ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. बर्फीत खवा असतो, त्यामुळं तीही त्यातच आली. ताजी फळंही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस, दुरियन एवढ्यांनाच सूट. जवसाची चटणी, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, खाकरे खुशाल न्या. चटणी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आणि तेल सुटणारी असेल तर चेक-इनच्या बॅगेत. एकच बॅग विमानात हाताशी घेणार असाल तर कोरडीच चटणी बांधा.

शाकाहाऱ्याची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. तिथं चर्चचे उपास वर्षात बरेच दिवस असतात, त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काही खात नाहीत. म्हणून भाजी-कडधान्याचं जेवण तिथल्या घरचंच आहे, पाहुण्यांसाठी मुद्दाम बनवलेलं नाही. 'निस्तिसिमो' म्हटलं की उपासाचं. पण सांभाळा: त्यांच्या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी, शिंपले चालतात. म्हणून पुढं 'होरिस क्रेआस, होरिस थालासिना' म्हणा, मांस नको, समुद्रातलं नको.

मागायचं काय? फावा मागा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. सांतोरिनीचा नावाजलेला फावा ज्या दाण्याचा करतात तो आपल्या झाडीपट्टीतल्या लाखोळीच्याच कुळातला, लॅथिरस. नाक्सोसलाही फावा सगळीकडं मिळतो. गिगांतेस म्हणजे राजम्याच्या कुळातले मोठे पांढरे दाणे, टोमॅटोच्या रश्शात भट्टीत शिजवलेले. ब्रिआम म्हणजे वांगी, बटाटे, काकडीसारखी झुकिनी, सगळं तेलात भाजलेलं. फासोलाकिया हिरव्या शेंगांची भाजी. रेविथिया म्हणजे काबुली चणे. गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, दोन प्रकारचे असतात. एकात खिमा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

शुद्ध शाकाहारी आहात म्हणून आणखी दोन गोष्टी. नाक्सोसचा बटाटा प्रसिद्ध आहे, तळलेला सगळीकडं देतात, पण ज्या कढईत बटाटा तळतात त्यातच बऱ्याचदा समुद्रातल्या माखल्या (स्क्विड) तळतात. चालत नसेल तर भट्टीतला बटाटा मागा. आणि तिथलं ग्राव्हिएरा चीज बनवताना दूध नासवायला बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. फेटालाही बऱ्याचदा जनावराच्या पोटातलंच रेनेट असते. पाळायचं असेल तर सॅलड 'होरिस फेटा' मागा.

दुपारचं जेवण एक ते चार, रात्रीचं आठ-नऊनंतर. साडेसातला खानावळीत गेलात तर तुम्ही एकट्याच असाल. मधल्या वेळेला बेकरीतला पालक भरलेला खारा पफ, स्पानाकोपिता, सकाळीच घेऊन ठेवा. बहुतेकांत फेटा असते, उपासाचा हवा तर विचारा. दुपारी अडीच-तीन ते साडेपाच लहान दुकानं बंद असतात आणि मोठ्यानं बोलणंही लोकांना आवडत नाही. टेबलावर न मागता पाव आला तर त्याचे माणशी युरोभर लागतात, नको असेल तर आल्याबरोबर परत द्या. पिण्याचं पाणी बाटलीचं. दीड लिटरच्या बाटल्या सुपरमार्केटमधून घ्या, किनाऱ्यावर महाग पडतात.

कपाशी_बोंड (मेहकर)

ताई, आता पैशाचं आणि गाडीचं. हे सगळं गावातूनच करून घेजा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार बंदच असते, आपण चालू करा लागते. पतसंस्थेचं नाई तर लहान बँकेचं साधं रुपे कार्ड असन तर ते तिकडं चालनच असं धरू नका. एक फॉरेक्स कार्ड घ्या, एक दुसऱ्या बँकेचं व्हिसा नाई तर मास्टरकार्ड ठेवा, आन् दोन्ही येगयेगळ्या जागी. युपीआयवर विसंबू नका. 150-200 युरो रोख, त्यात 5 आन् 10 च्या नोटा जास्त. एटीएमनं 'रुपयात कापू का' असं विचारलं त नाही म्हणजा, युरोच निवडजा. रुपयाचा भाव थे मशीनवाले आपल्या मनानं लावतात, लय तोटा होते. एटीएम बँकेच्या भिंतीतलंच पाहजा, दुकानासमोर उभं केलेल्या डब्याचा चार्ज जास्त असते.

ओटीपी भारतातल्या सिमवर येते. म्हणून रोमिंग इथंच चालू करजा, त्या सिमचा डेटा बंद ठेवजा, येणारा मेसेज फुकट असते. इंटरनेटले तिथलं प्रीपेड सिम घ्या, पासपोर्ट दाखवा लागते. नाई तर ई-सिम घरूनच टाकून घेजा. नाक्सोसचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवजा, डोंगरातल्या गावात रेंज जाते. आपला दोन गोल पिनचा चार्जर तिकडं बसते, तीन पिनचा बसत नाई.

स्कूटर घ्यायची असन त आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा लागते. फी 1,000 रुपये, एका वर्षासाठी. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज होते, लायसन, पासपोर्ट, व्हिसा जोडा लागते. लायसनवर दुचाकीचा वर्ग नसन, फक्त कारचा असन, त स्कूटर घेऊच नका. गाडी भाड्यानं देणारा देईनही, पण अपघात झाला त विमा हात वर करते. तिकडं गाड्या उजवीकडून चालतात, आन् वळणावर वाळू सांडलेली असते. माझं म्हणनं, पहिल्या दिवशी गाडी घ्याचीच नाई. झोप अर्धवट झालेली असते, बोटीनं डोकं गरगरते.

जामकाठ (काटोल)

मुलींनी विहिरीत शिकलेलं पोहणं चांगलंच असते, खोल पाण्याची भीती नसते. पण विहिरीत पाणी माणसाला कुठं नेत नाही. समुद्रात नेते. उत्तरेचा वारा सुटला की पाण्यात पाच मिनिटांत आपण आपल्या टॉवेलपासून बरेच दूर, दक्षिणेकडं गेलेले असतो आणि कळतही नाही. म्हणून किनाऱ्यावरची एक ठळक खूण धरा, एखादी रंगीत छत्री किंवा इमारत, आणि दर दोन-तीन मिनिटांनी ती समोरच आहे का ते पाहा. पहिल्या दिवशी छातीभर पाण्याच्या पुढे जाऊ नका आणि किनाऱ्याला समांतर पोहा. फुगवलेली गादी घेऊन तर वाऱ्यात अजिबात जाऊ नका, ती शिडासारखी ओढत नेते. लाल झेंडा असेल तर आत शिरायचं नाही. जीवरक्षक सगळीकडं, सगळ्या वेळी नसतात. खडकांवर समुद्री साळिंदर, म्हणजे काळे काटेरी गोळ्यासारखे जीव, असतात, रबरी चपला घाला.

ऊन आपल्याला कमी वाटेल, कारण वारा घाम टिकू देत नाही. पण खांदे संध्याकाळपर्यंत सोलून निघतात. टोपीला हनुवटीखालून दोरी हवी, नाहीतर ती उडून समुद्रात.

पहिल्या दिवसाची दुपार मी अशी लावीन: एकला उतरणं, दोनपर्यंत खोली, जेवण, दोन तास झोप. पाचला आगिओस गेओर्गिओसला पाण्यात. साडेसहाला पोर्ताराकडं. बंदराजवळच्या छोट्या बेटावर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा उभा आहे, सुमारे इसवी सनपूर्व 530 चा. तिथं जायला दगडी बांध आहे, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. त्या दिवसांत सूर्य साडेसातच्या सुमारास बुडतो. चौकट चार अखंड दगडांची, दोन उभे, एक वर आडवा आणि एक उंबऱ्याचा. उंबराही चांगला उंच आहे. दगड नीट निरखून पाहा, कडेला बाहेर आलेले गड्डे दिसतील, दगड उचलायला दोर अडकवायचे ते. देऊळ पूर्ण झालं असतं तर ते तासून टाकले असते. उतरताना सांभाळा, लोकांच्या पायांनी संगमरवर गुळगुळीत झाला आहे. आणि वारा जोरात असेल तर बांधावर लाटा उडतात, फोन पिशवीत ठेवा.

रात्री जेवून जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून फिरायला हरकत नाही, उशिरापर्यंत लेकरंबाळं बाहेर असतात. काही लागलं तर 112 सगळ्यासाठी, रुग्णवाहिका 166, समुद्रावर काही झालं तर तटरक्षक 108. होरा, म्हणजे बंदराच्या मुख्य गावात, दवाखाना आहे, डोंगरातल्या गावांत तेवढी सोय नाही.

पूसकाठ (पुसद)

सगळं लिहून घेतलं. शेवटचं विचारते. दुपारी उतरल्यावर त्याच दिवशी बसनं आपिरांथोस किंवा फिलोतीला जाऊन यावं का? आणि वाऱ्यानं परतीची बोटच बंद झाली तर?

सातपुडा_पायथा (परतवाडा)

डोंगरातल्या गावांना त्याच दिवशी नको. किनाऱ्याच्या गावांना, आगिया आना, प्लाकाकडं, बस वारंवार असते. डोंगराच्या गावांना मोजक्याच फेऱ्या, आणि शेवटची चुकली की टॅक्सीशिवाय उपाय नाही. टॅक्सीही बेटावर थोड्याच. केटेल या बस कंपनीचं ऑफिस बंदरासमोरच आहे. उतरल्याबरोबर तिथल्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या, सप्टेंबरमध्ये फेऱ्या कमी होत जातात म्हणून इंटरनेटवरचं जुनं असू शकते. तिकीट बसमध्ये चढायच्या आधी घ्यायचं, जायचं-यायचं दोन्ही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं जाल तर फिलोती, हाल्की, आपिरांथोस निवांत होते.

परतीचं तुम्ही नीट केलं आहे, अथेन्सची शेवटची रात्र धरून. ती काही झालं तरी रद्द करू नका. बोट बेटावरून विमानाच्या आदल्या दिवशीची घ्या, तीही दिवसातली पहिली, म्हणजे ती थांबली तर संध्याकाळची उरते. निघायच्या दोन दिवस आधीपासून वाऱ्याचा अंदाज पाहा. 8 बोफोर्ट दिसू लागलं तर एक दिवस आधीच निघा, बंदरावरच्या एजन्सीत तिकीट बदलून मिळते. बोट बंदर खात्यानं थांबवली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत जागा देतात. त्यासाठी फोन करत बसू नका, तिकीट घेऊन थेट एजन्सीच्या खिडकीवर जा, कारण पुढच्या बोटीतल्या जागा तिथं रांगेतल्या लोकांना आधी जातात. खलाशांचा संप असेल तर तोही बहुतेक एक-दोन दिवस आधी जाहीर होतो, निघण्याच्या आठवड्यात बातम्या पाहत राहा.